रेमिशनच्या काळात ख्रिस्ती कुटुंबाने प्रार्थना कशी करावी

कॅन्सरचे उपचार संपून पती किंवा पत्नी रेमिशनमध्ये, म्हणजे आजार ओसरलेल्या स्थितीत, असल्याचे डॉक्टर सांगतात, तेव्हा मंडळीतून अभिनंदनाचे निरोप येऊ लागतात. घरात मात्र अवघडल्यासारखे होते, कारण ज्या प्रार्थनेने कुटुंबाला इतके महिने धरून ठेवले, तिचा विषयच एका दिवसात बदललेला असतो. आता आभार मानून थांबावे की अजून मागत राहावे, हा प्रश्न पडतो. माझ्या मते दोन्ही करावे आणि एकाच प्रार्थनेत करावे. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या 4थ्या अध्यायात पौलाने विनंती आणि आभारप्रदर्शन एकाच वाक्यात गुंफले आहे, आणि ते पत्र त्याने बंदिवासातून लिहिले होते, सुटका झाल्यानंतर नव्हे.

त्याआधी डॉक्टरांचे शब्द नीट समजून घ्यावेत. पूर्ण रेमिशन म्हणजे तपासण्यांमध्ये रोगाची कोणतीही खूण दिसत नाही. आंशिक रेमिशन म्हणजे रोग बराच कमी झाला आहे, पण शिल्लक आहे. पूर्ण रेमिशनमध्येही स्कॅनला न दिसणाऱ्या पेशी शरीरात राहिलेल्या असू शकतात, म्हणूनच डॉक्टर लगेच ‘बरा झाला’ असे म्हणत नाहीत. दोघांनी मिळून ऑन्कॉलॉजिस्टना (कॅन्सरतज्ज्ञांना) सरळ विचारावे की रेमिशन कोणत्या प्रकारचे आहे, पुढची तपासणी कधी आहे, कोणती औषधे चालू ठेवायची आहेत आणि कोणते लक्षण दिसल्यास तारखेची वाट न पाहता यायचे आहे. उत्तरे तिथेच लिहून घ्यावीत.

हे शब्द समजले की साक्ष देणे सोपे होते. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठवायचा निरोप उत्साहाच्या भरात न लिहिता दोघांनी एकत्र बसून लिहावा. ‘प्रभूने कॅन्सर कायमचा काढून टाकला’ असे लिहिण्यापेक्षा ‘आजच्या तपासणीत आजाराची खूण दिसली नाही, त्याबद्दल आम्ही प्रभूचे उपकार मानतो, पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे, प्रार्थनेत आठवण ठेवा’ असे लिहावे. या दुसऱ्या निरोपात विश्वास कमी आहे असे कोणी सुचवले, तर ते मनावर घेऊ नये. जे घडले तेवढेच सांगणे म्हणजे साक्ष. शिवाय त्याच ग्रुपवर असे कोणी असते ज्याचा जोडीदार याच आजाराने गेला, आणि ज्याच्या घरीही तितक्याच कळकळीने प्रार्थना झाली होती. ‘आमच्या विश्वासामुळे’ हे दोन शब्द त्या माणसाला काय सांगतात, याचा विचार निरोप पाठवण्यापूर्वी करावा.

औषध बंद करणे हा विश्वासाचा पुरावा नव्हे, याबाबत घरात कोणतीही तडजोड होऊ देऊ नये. स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये उपचारांनंतर 5 ते 10 वर्षे हार्मोनच्या गोळ्या घ्याव्या लागतात, आणि अंगात बरे वाटू लागल्यावर नेमक्या याच गोळ्या सोडाव्याशा वाटतात. 2 राजे, अध्याय 20 मध्ये हिज्कीया राजाच्या आयुष्यात 15 वर्षे वाढवण्याचे वचन देव देतो, आणि त्याच प्रसंगी यशया संदेष्टा त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगतो. वचन मिळाले म्हणून लेप वगळला गेला नाही. रात्रीच्या कुटुंबप्रार्थनेच्या वेळी गोळी आणि पाण्याचा पेला बायबलशेजारीच ठेवावा आणि आमेननंतर लगेच ती घ्यावी. गोळी चुकत नाही, आणि मुलांनाही दोन्ही गोष्टी एकत्र नांदताना दिसतात. उपवासकाळात उपवास धरायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. प्रतिकारशक्ती कमी असताना प्रभुभोजनाचा सामाईक प्याला टाळायचा असेल, तर पाळकांना किंवा फादरांना तसे मोकळेपणाने सांगावे.

तपासणीचे दिवस सर्वांत कठीण जातात. बऱ्याच कॅन्सरमध्ये सुरुवातीची दोन-तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी असते, नंतर अंतर वाढत जाते. तारीख जवळ आली की झोप उडते, क्षुल्लक कारणांवरून खटके उडतात, पाठीत साधी चमक आली तरी मन नको तिथे जाते. ‘विश्वास असेल तर भीती कशाला’ असे एकमेकांना म्हणू नये. पुन्हा पुन्हा तपासून घेण्यात अविश्वास नाही. लेवीय 13 मध्ये त्वचेवरचा चट्टा संशयास्पद असेल तर याजक त्या माणसाला सात दिवस वेगळे ठेवतो, पुन्हा पाहतो, गरज वाटल्यास आणखी सात दिवस थांबून तिसऱ्यांदा पाहतो आणि मगच शुद्ध ठरवतो. स्कॅनच्या आदल्या रात्री लांब प्रार्थना करण्याची गरज नाही. दोघांपैकी एकाने 13वे स्तोत्र वाचावे. सहा ओव्यांचेच आहे आणि ‘किती काळ’ हा प्रश्न त्यात पुन्हा पुन्हा येतो. मग प्रत्येकाने आपली भीती एका वाक्यात देवापुढे बोलून दाखवावी. दुसऱ्याने ती खोडून काढू नये, ‘असे बोलू नकोस’ असेही म्हणू नये. स्कॅन झाल्यापासून रिपोर्ट येईपर्यंतच्या दिवसांत प्रार्थना सुचत नसेल, तर प्रभूची प्रार्थना म्हणावी आणि झोपावे.

मुलांना खोटा दिलासा देऊ नये. ‘येशूने आईला बरे केले, आता ती कधीच आजारी पडणार नाही’ असे सांगितले आणि पुढे आजार उलटला, तर मुलाचा आईवडिलांवरचा आणि देवावरचा विश्वास एकदमच डळमळतो. ‘आता आजार दिसत नाही, म्हणून आपण देवाचे आभार मानू, डॉक्टर लक्ष ठेवून आहेत, काही बदलले तर तुला आम्ही स्वतः सांगू’ एवढे पुरे, आणि यातले शेवटचे वचन पाळावेच.

ज्याच्याकडे सर्वांचे लक्ष कमी असते तो म्हणजे काळजी घेणारा जोडीदार. उपचार चालू असताना तो कणखर असतो आणि सगळे सुरळीत झाल्यावर कोसळतो: रडू येते, उपासनेत मन लागत नाही, कधी देवाचा रागही येतो. हे बऱ्याच जणांच्या बाबतीत घडते, त्यामुळे दडवू नये. ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा’ असे म्हणणाऱ्या, आजारी मुलाला घेऊन आलेल्या बापाला (मार्क 9) येशूने परत पाठवले नाही. 88वे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी स्तुतीची एक ओळही नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. पाळकांशी किंवा विश्वासातल्या एका व्यक्तीशी एकट्याने बोलावे. काही आठवडे उलटूनही झोप, भूक आणि कामातले लक्ष परतले नाही, तर समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे जावे. याच जोडीदाराला आणखी एक गोष्ट जड जाते, ती म्हणजे हाती घेतलेली कामे परत देणे. आजारी जोडीदार पूर्वी कुटुंबप्रार्थना चालवत असेल तर ती त्याच्याकडे सोपवावी. उपचारानंतरचा थकवा कित्येक महिने, काहींच्या बाबतीत वर्षभराहूनही अधिक टिकतो, म्हणून प्रार्थना पाच मिनिटांची झाली तरी चालेल.

आजार उलटला तर काय, हे बोलणे अशुभ मानून टाळले जाते. चांगल्या रिपोर्टनंतरच्या एखाद्या शांत दिवशी ते बोलून घ्यावे: पहिला फोन कोणाला करायचा, मुलांना कोण सांगेल, याकोबाच्या पत्राच्या 5व्या अध्यायाप्रमाणे मंडळीच्या वडिलांना तेलाचा अभ्यंग करून प्रार्थना करण्यासाठी बोलवायचे का, आणि ‘कोणते पाप केले’ असे विचारणाऱ्यांना घरात किती वेळ बसू द्यायचे. दानीएलाच्या पुस्तकात राजाच्या मूर्तीला नमन न केल्यामुळे आगीच्या भट्टीत टाकलेल्या तिघांनी, देव सोडवील आणि न सोडवले तरीही, अशी दोन्ही वाक्ये भट्टीत पडण्याआधीच उच्चारली होती. ठरलेल्या गोष्टी कागदावर लिहून तो कागद वैद्यकीय फाइलमध्ये ठेवावा आणि दर तपासणीनंतर काही बदलायचे आहे का, हे दोघांनी पाहावे.