जवळच्या दोन शहरांमधील हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढावा

दोन शहरांमधील अंतर शोधताना आधी कोणते अंतर हवे आहे ते ठरवावे. रस्ता डोंगर, नद्या आणि वस्त्या टाळत वळणे घेत जातो, त्यामुळे त्याचे अंतर हवाई अंतराच्या साधारण सव्वा ते दीडपट भरते. शिवाय हवाई अंतर शहराच्या मध्यापासून मोजले आहे की विमानतळापासून, हेही पाहावे. शहरे जवळजवळ असली की वीस-तीस किलोमीटरच्या फरकानेही हिशेब बिघडतो.

नकाशाच्या अ‍ॅपमध्ये विमानतळावर बोट दाबून धरले की अक्षांश आणि रेखांश मिळतात. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून दूर जावे तसा आक्रसतो, म्हणून त्याला सरासरी अक्षांशाच्या कोज्येने (कोसाइनने) गुणावे. समजा, अक्षांशांत १.५ अंशाचा, रेखांशांत २ अंशांचा फरक आहे आणि सरासरी अक्षांश ३० अंश आहे. उत्तर-दक्षिण अंतर १६७ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम अंतर २ × १११ × ०.८६६ म्हणजे १९२ किलोमीटर येते. दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढले की सुमारे २५४ किलोमीटर मिळतात. पृथ्वीची वक्रता एवढ्या अंतरात नगण्य असते. चूक होते ती बहुधा अंश-कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) लिहिताना: ३० अंश ४५ कला म्हणजे ३०.४५ नव्हे, ३०.७५.

वेळ काढताना या अंतराला जेट विमानाच्या ताशी ८०० किलोमीटर वेगाने भागले तर १९ मिनिटे येतात, आणि हे उत्तर साफ फसवे आहे. विमानाचा बराच वेळ वर चढण्यात आणि खाली उतरण्यात जातो. अनेक देशांत १०,००० फुटांच्या खाली वेग २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६३ किलोमीटर, एवढाच ठेवावा लागतो. आणि धावपट्टीपर्यंत सरपटणे, रांगेत थांबणे, उतरण्याच्या दिशेसाठी वळसा घेणे हे अंतर कितीही कमी असले तरी चुकत नाही. म्हणून भागाकारात सरळ अर्धा तास मिळवावा. रहदारीच्या विमानतळांसाठी पाऊण तास. ताशी ५०० किलोमीटर वेगाचे पंख्याचे विमान अशा पल्ल्यावर जेटच्या फार तर दहा-पंधरा मिनिटे मागे राहते, त्यामुळे केवळ वेळेसाठी जेटचे महाग तिकीट घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

तिकिटावरील वेळ विमान आपली जागा सोडते तेव्हापासून पुढच्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा असतो, आणि दोन्ही वेळा स्थानिक असतात. मध्ये कालविभागाची सीमा असल्यास दोहोंची थेट वजाबाकी करू नये.

शेवटी दारापासून दारापर्यंतचा हिशेब मांडावा. वरच्या उदाहरणात विमानतळ गाठायला ४५ मिनिटे, आधी पोहोचण्याचा दीड तास, उड्डाणाचा एक तास, बाहेर पडायला अर्धा तास आणि शहरात जायला पुन्हा ४५ मिनिटे धरली तर साडेचार तास होतात; रस्त्याने सुमारे ३३० किलोमीटर ताशी ६० च्या सरासरीने साडेपाच तास लागतात. हेच हवाई अंतर २०० किलोमीटर असते तर रस्त्याचे सुमारे २६० किलोमीटर सव्वाचार तासांत संपले असते, विमानाच्या साडेचार तासांतून मात्र जेमतेम चार-पाच मिनिटे कमी झाली असती.