फौजदारी अपिलाची मुदत आणि नकलेवरच्या तारखा

निकालाची तारीख पडली की तयारीला लागा. निकाल आपल्या बाजूने लागेल अशी आशा जरूर ठेवा, पण पिशवी शिक्षा लागणार असं धरूनच भरा. आधार, फोटो वगैरे सांगायला नको. जामीनदार मात्र सोबतच न्या, त्याच्या कागदांसकट: सातबारा किंवा घरपट्टीची पावती, नोकरदार असेल तर पगारपत्रक. शिक्षा ३ वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी आधीपासून जामिनावर असेल, तर ‘अपील करायचंय’ असं सांगितल्यावर शिक्षा देणारं कोर्टच अपिलापुरता जामीन सहसा देतं. जुन्या सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रिया संहितेत) हे कलम ३८९ होतं, १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ४३० आहे. हा अर्ज आदल्या दिवशी टाइप करून ठेवायला सांगा. संध्याकाळी निकाल लागला आणि अर्ज लिहिण्यापासून सुरुवात झाली, तर ती रात्र आत जाते. दंडाचे पैसे रोख.

मुदत किती, हे कोर्टाच्या आवारात पाच जणांना विचारलंत तर पाच उत्तरं मिळतील. १९६३ च्या लिमिटेशन अ‍ॅक्टप्रमाणे शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ६० दिवस. फाशीच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयातही ३०च. निर्दोष सुटकेविरुद्ध सरकारला ९० दिवस. खासगी फिर्यादीला आधी उच्च न्यायालयाची विशेष परवानगी मागावी लागते, त्यासाठी ६० दिवस, फिर्यादी लोकसेवक असेल तर ६ महिने. खास कायद्यांची मुदत त्या त्या कायद्यात असते: मकोकात ३०, अ‍ॅट्रॉसिटीत ९०. आपली केस कुठल्या खणात बसते ते वकिलांकडून कागदावर लिहून घ्या. तोंडी नको. आणि ३० दिवस म्हणजे एक महिना नव्हे, ६० म्हणजे दोन महिने नव्हेत. कॅलेंडर घेऊन बोटाने मोजा.

आता नक्कल. निकालाची प्रमाणित नक्कल. घोडं इथंच पेंड खातं, निदान आमचं खाल्लं. अर्ज सगळेच करतात, आम्हीही वेळेवर केला होता. पण नक्कल तयार झाली की नाही हे बघायला खिडकीवर कोणी फिरकलंच नाही. कोर्ट कळवेल, असं वाटत राहिलं.

हिशेब असा आहे. निकालाचा दिवस मुदतीत धरत नाहीत. नक्कल मिळवायला जेवढे दिवस खरोखर लागतात तेवढेही वजा होतात. खरोखर लागतात म्हणजे अर्ज केल्यापासून नक्कल तयार होईपर्यंत. तुम्ही ती हातात घेईपर्यंत नव्हे. तयार होऊन कपाटात पडून राहिली, तर ते दिवस तुमच्या खात्यावर. नकलेवर तारखांचे शिक्के असतात: अर्जाची, तयार झाल्याची, दिल्याची. मुदतीसाठी शेवटची तारीख काहीही कामाची नाही, आणि लोक नेमकी तीच धरून बसतात.

समजा निकाल १० जूनला लागला आणि अपील सत्र न्यायालयात आहे. ३० दिवस १० जुलैला संपतात. अर्ज १२ जूनला केला, नक्कल २० जूनला तयार झाली, तुम्ही ती ४ जुलैला आणली. वजा होतात १२ ते २० जून, दोन्ही टोकं धरून ९ दिवस. शेवटचा दिवस १९ जुलै. ४ जुलैपर्यंतचे सगळे दिवस वजा करून २ ऑगस्टपर्यंत निवांत बसलात, तर बुडालात. म्हणून अर्ज निकालाच्याच दिवशी करा, फी तिथल्या तिथे भरा (तुमच्या कमी भरलेल्या फीपायी झालेला उशीरही तुमचाच), पोचपावतीचा फोटो काढा आणि दर दोन दिवसांनी कोणालातरी नक्कल विभागात धाडा. वकिलांचे क्लार्क आणतील म्हणून सोडून देऊ नका. त्यांच्याकडे तशा पन्नास नकला असतात. तयार झाली त्याच दिवशी उचला.

कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची एक प्रत लगेच आणि फुकट मिळायला हवी. ती मागून घ्या, अपिलाचा मसुदा तिच्यावरून त्याच आठवड्यात सुरू होतो. मी तर म्हणेन, नकलेचे दिवस वजा होतात हे विसरूनच जा आणि निकालापासून सरळ ३० मोजा. वरचे दिवस अडीअडचणीला राहू द्या. माणूस तुरुंगात असेल तर अपील तुरुंग अधिकाऱ्यांमार्फतही जातं, आणि वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे.

शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर कोर्ट उघडेल त्या दिवशी चालतं. त्यावर विसंबू नका.

मुदत गेलीच तर लिमिटेशन अ‍ॅक्टच्या कलम ५ खाली विलंबमाफीचा अर्ज. उशिराचं पुरेसं कारण द्यावं लागतं, डॉक्टरांचे कागद, तिकिटं, जे असेल ते जोडून. ‘नक्कल तयार झाल्याचं माहीत नव्हतं’ हे कारण न्यायाधीशांसमोर उभं राहून वाचताना कसं वाटतं, ते विचारू नका.

बाकी भराभर. वकीलपत्रावर सह्या, आरोपी आत असेल तर तुरुंगातून. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गकरांनो, उच्च न्यायालयाचं अपील मुंबईला नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे. चेक बाउन्सची केस असेल तर अपिलात दंडाच्या किंवा भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम भरायचा आदेश होऊ शकतो, तजवीज आधीच करा. अपिलासोबतच शिक्षा स्थगितीचा अर्ज. दाखल केल्यावर ऑब्जेक्शन, म्हणजे कोर्टाच्या कार्यालयाने दाखवलेल्या त्रुटी, निघाली का ते बघा, निघाली तर लगेच दूर करा. खालच्या कोर्टाने दिलेला जामीन कुठल्या तारखेपर्यंत आहे ते आदेशात वाचा; वरच्या कोर्टाचा आदेश त्याआधी हातात हवा, नाहीतर वॉरंट निघतं.