हत्तींची लढाई टेबलावर मांडताय? या चुका टाळा

छोट्या खेळण्यातल्या सैनिकांनी आणि फाशांनी टेबलावर खेळायच्या युद्धखेळात अलेक्झांडर विरुद्ध पोरस ही झेलमची लढाई (इ.स.पू. 326) मांडायची म्हटलं की नवा गडी आधी खेळण्यातले हत्ती विकत घेतो, मग रंगवायला बसतो आणि टेबलाची मापं सगळ्यात शेवटी काढतो. निम्म्या चुका इथेच होतात. आधी मापं, मग खरेदी.

सर्वांत मोठी चूक म्हणजे हत्ती खांद्याला खांदा लावून उभे करणं. ग्रीक इतिहासकार एरियनने दिलेल्या वर्णनात पोरसचे 200 हत्ती पायदळाच्या पुढे आहेत आणि दोन हत्तींत किमान एक प्लेथ्रॉन, म्हणजे सुमारे 30 मीटर अंतर आहे. हा आकडा धरला तर फळी होते सहा किलोमीटरची. आता सहा फुटी टेबलाचा हिशेब करा. एक खेळणं म्हणजे 20 हत्ती, म्हणजे दहा खेळणी पुरतात. 1 सेंमी म्हणजे 40 मीटर धरलं की खेळण्यातल्या प्रत्येक हत्तीच्या वाट्याला 15 सेंमी येतात, एकूण 150. दोन्ही टोकांना जेमतेम 15-15 सेंमी उरतात, त्यात घोडदळ आणि रथ. हत्तीचा तळ, म्हणजे खेळणं ज्यावर चिकटवतात तो तुकडा, 5 सेंमी रुंद ठेवला तर मध्ये 10 सेंमी मोकळे राहतात आणि ते मोकळेच राहू द्यायचे. अलेक्झांडरच्या घोडदळाने बगल दाबली, हत्ती आत आत रेटले गेले, गर्दी झाली आणि तिथेच पोरस हरला. ही गर्दी पहिल्याच मांडणीत करून ठेवली, तर खेळात घडायला काही उरतच नाही.

पोरसच्या पायदळाचे 30,000 सैनिक 250 ला एक या प्रमाणात 120 होतात. चार-चार शिपायांचे 5 सेंमी रुंद तळ करा, म्हणजे हत्तीमागे तीन तळ येतात. दोन मोकळ्या जागेच्या मागे आणि तिसरा दुसऱ्या रांगेत लावा. हत्ती मागे उलटला, तर त्याला परतायला वाट हवी असते.

आणि हत्ती उलटतोच. त्याला रणगाडा समजणं ही दुसरी मोठी चूक. हमखास दिसणारा डाव असा: पोरसचा खेळाडू पहिल्याच फेरीत दहाही हत्ती पायदळाच्या 20 सेंमी पुढे काढतो. अलेक्झांडरचे भालाफेके त्यांना घेरतात. तिसऱ्या फेरीत दोन-तीन हत्ती मागे वळून स्वतःच्याच माणसांत घुसतात, पाचव्या फेरीला मधली फळी संपते आणि खेळाडू फाशांना दोष देतो. फाशांचा काय दोष? हत्ती पायदळाच्या 5 सेंमीपुढे जाऊ देऊ नका. नियम साधा ठेवा. प्रत्येक हत्तीला चार जखमा. दुसऱ्या जखमेपासून दर जखमेला एक फासा टाकायचा: 5-6 आला तर हुकूम पाळतो, 3-4 ला जवळच्या तुकडीवर जातो, मग ती कोणाचीही असो, आणि 1-2 ला सरळ मागे. माहुताचा फासा वेगळा, कारण अलेक्झांडरच्या मॅसिडोनियन सैनिकांनी माहुतांनाच टिपलं होतं. म्हणून माहूत हत्तीला कायमचा चिकटवू नका. ब्लू-टॅकचा (पुन्हा काढता येणाऱ्या चिकट लगद्याचा) ज्वारीएवढा गोळा पुरतो. माहूत पडला की उचलायचा, आणि पुढच्या प्रत्येक फेरीला त्या हत्तीचा फासा.

पोरसच्या हत्तींवर हौदे किंवा बुरूज लावू नका. बुरुजांचे खात्रीचे पुरावे एपिरसचा ग्रीक राजा पिऱ्हस याच्या काळापासूनचे, म्हणजे जवळपास अर्ध्या शतकानंतरचे आहेत. इथे पाठीवर झूल, मानेवर अंकुशवाला माहूत आणि मागे धनुर्धारी. घोडेस्वारांना रिकिबीही नकोत.

तुळशीबागेतला प्लास्टिकचा हत्ती स्वस्त पडतो, पण मापात बसत नाही. 1/72 मापाला, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाला, भारतीय हत्ती खांद्याशी साधारण 40 मिमी हवा. 10 सेंमीचं खेळणं त्या प्रमाणात सात मीटरचं जनावर होतं. शिवाय मोठे कान आणि मधे खोलगट पाठ म्हणजे आफ्रिकन. आपल्याकडचा हत्ती कमानदार पाठीचा, डोक्यावर दोन उंचवटे असलेला.

टेबलासाठी प्लाय पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून घ्या आणि तिथेच 3 बाय 4 फुटांचे दोन तुकडे करून आणा. सहा फुटी अखंड फळी वाड्याच्या जिन्यात वळत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये प्रायमरचा (रंगाआधी द्यायच्या अस्तराचा) स्प्रे मारू नका. दमट हवेत तो खरखरीत, पांढुरका बसतो, आणि वर कितीही रंग चढवला तरी झाकत नाही. पावसाळ्यात ब्रशने लावायचा प्रायमर वापरा. त्याआधी खेळणी साबणाच्या पाण्याने धुवा, नाहीतर साच्याच्या तेलकटपणामुळे पोपडे सुटतात. मऊ प्लास्टिकचे भाले वाकले की रंग उडतोच, म्हणून त्यांना आधी फेविकॉलचा पातळ हात द्या. हे टाळून घाई करणाऱ्यांचे भाले पहिल्याच डावानंतर उघडे पडतात.

हत्तीला सपाट राखाडी रंग देऊ नका. तपकिरी छटेचा गडद राखाडी, वर कोरड्या ब्रशने फिकट हात, आणि सोंडेच्या मुळाशी व कानांच्या कडांना गुलाबी ठिपके. सुळे पिवळसर.

अलेक्झांडरचा सेनापती क्रेटरस याची तुकडी पहिल्या फेरीला टेबलावर आणू नका. तो नदीच्या पलीकडे, छावणीत होता आणि लढाईचा निकाल दिसू लागल्यावरच ओलांडून आला. रथांना चिखलात अर्धीच चाल द्या. आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला होता.