तुलूजला येताय? आधी कान तयार करा

विमानांच्या कामासाठी फ्रान्समधल्या तुलूजला आपली बरीच मंडळी येतात, आणि पहिल्या महिन्यात बहुतेकांचं रडगाणं एकच असतं: फ्रेंच शिकून आलोय, पण कुणी काय बोलतं ते कळतच नाही. मीही पुण्याहून फ्रेंचची ए२ (दुसऱ्या पातळीची) परीक्षा चांगल्या मार्कांनी पास होऊन आले होते. पहिल्याच शनिवारी बेकरीत पाठ केलेलं वाक्य म्हणून लांब पाव मागितला. काउंटरवरच्या बाईंनी तो कागदात गुंडाळला आणि विचारलं, "आवेक सुसी?" शब्दशः अर्थ, "याच्याबरोबर?" मी मान डोलावून "वी" म्हटलं. बाई थांबल्या. मीही थांबले. मागे रांग खोळंबलेली. त्या विचारत होत्या, आणखी काय देऊ? काही नको असेल तर सरळ "से तू, मेर्सी" (एवढंच, धन्यवाद) म्हणा.

म्हणजे अडतं ते बोलताना नाही, ऐकताना. वर्गात "ज न से पा" (मला माहीत नाही) शिकवतात, रस्त्यावर त्याचं "शे पा" होतं. त्यातून "प्ल्यूस" म्हणजे जास्त, पण शेवटचा स गिळून "याँना प्ल्यू" म्हटलं की माल संपला. मी एकदा "आणखी आहे" असं समजून दुकानात ताटकळत उभी राहिले होते. इथल्या दक्षिणी बोलीत "पँ" म्हणजे पाव, त्याचा "पँङ" होतो, त्याला मात्र घाबरू नका. ही मंडळी शेवटची अक्षरं खात नाहीत, उलट सोपं जातं. मेट्रोत स्टेशनचं नाव दोनदा सांगतात, दुसऱ्यांदा ऑक्सितान या इथल्या जुन्या भाषेत. ते कळलं नाही म्हणून पहिले पंधरा दिवस मी स्वतःला उगाच दोष देत होते.

सगळ्यात जास्त घाम फोडतात ते आकडे. ७५ म्हणजे साठ-पंधरा, ९३ म्हणजे चार-वीस-तेरा. पुस्तकात गंमत वाटते. पण इथे फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात, आणि समोरचा "स्वासाँत" म्हणाला की आपला हात ६० लिहून मोकळा होतो, मग "काँझ" येतं, आपण १५ लिहितो. इथला नंबर दहा आकडी असतो. तुमच्या कागदावर बारा आकडे झाले, तर कुठलीतरी सत्तरी किंवा नव्वदी तुम्ही फोडलीत असं समजा. माझा उपाय: "स्वासाँत" किंवा "कात्र-व्हँ" (चार-वीस) ऐकू आलं की पेन वर उचलायचं, पुढचा शब्द येईपर्यंत टेकवायचं नाही. ब्रुसेल्स किंवा जिनिव्हाला गेलेले आपले लोक सुटले, तिथे सत्तरला "सेप्ताँत" असा साधा शब्द आहे. अर्थात ७९ला एकोणऐंशी म्हणणाऱ्यांनी फ्रेंचांना फार हसू नये.

"बोंझूर"बद्दल थोडं स्पष्ट सांगते. दुकान, लिफ्ट, दवाखान्यातली बसायची खोली, कुठेही शिरताना आधी बोंझूर. एका दुकानात मी घाईघाईत थेट "साखर कुठे आहे?" विचारलं. बाईंनी माझ्याकडे बघून फक्त "बोंझूर" म्हटलं, आणि मी बोंझूर म्हणेपर्यंत साखर काही सांगितली नाही. तेव्हा राग आला होता. आता माझ्या तोंडून ते आपोआप निघतं. "व्हू" आणि "त्यू" आपल्याला सोपं, तुम्ही आणि तू. फक्त ऑफिसात साहेबच "त्यू" म्हणायला लागले तर दचकू नका.

फोनवर बोलणं पहिले सहा महिने शक्य तितकं टाळा. डॉक्टरची वेळ डॉक्टोलिब या वेबसाइटवरून घ्या, तिथे कोण कुठली भाषा बोलतं तेही लिहिलेलं असतं. घराचा पत्ता आणि दाराचा कोड मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा; रात्री-अपरात्री तातडीच्या वैद्यकीय मदतीचा १५ नंबर फिरवायची वेळ आली तर वाचून दाखवता येतो. पत्रपेटीत "आव्ही द पासाज" (पोस्टमन येऊन गेल्याची सूचना) असं लिहिलेली चिठ्ठी दिसली तर जाहिरात समजून टाकू नका. मी टाकली होती. रजिस्टर पत्र पोस्टात १५ दिवसच ठेवतात, मग परत जातं.

आणि "ऑफिसात इंग्रजी चालतं" म्हणून शिकणं पुढे ढकलू नका. १ जानेवारी २०२६ पासून इथे राहण्याच्या दहा वर्षांच्या कार्डासाठी बी१ (ए२च्या वरची पातळी) आणि नागरिकत्वासाठी त्याच्याही वरचं बी२ लागतं. संध्याकाळचा वर्ग लावाच, पण कानाला सवय हवी असेल तर रविवारी सकाळी साँ-तोबँच्या बाजारात जा. सुट्टे पैसे घ्या, भाव ऐका, आणि भाजीवाल्याने सांगितलेली रक्कम त्याच्या काट्याकडे न बघता मोजून द्या. चुकलात तर तो हसून परत सांगतो. मेथी शोधत बसू नका. कोथिंबीर मिळते, तिला "कोरियाँद्र" म्हणतात, आणि जुडी मागताना "अँ बुके" म्हणायचं. इथे कोथिंबिरीचाही बुकेच असतो.