बर्नआऊट झाला का? या चुका करू नका, मी केल्यात

यवतमाळ जिल्ह्यातल्या दोन शिक्षकी शाळेवर आहे मी. दिवाळीनंतर असं व्हायला लागलं का पोरगं पाढा म्हणून दाखवायला हात वर करे आन मला रागच येई. पोरगं हुशार, लाडकं, तरी राग.

वाटलं थकलो असन. आठ दिवस रजा टाकून झोपा काढल्या, सोमवारी शाळेच्या फाटकाशी गाडी लावली अन पोटात गोळा परत, काहून का मूळ दुखणं तिथंच बसून होतं ना बापा! ही पहिली चूक. डब्ल्यूएचओनं २०१९ मध्ये बर्नआऊटची जी व्याख्या केली त्यात तीन गोष्टी आहेत, अंगातलं त्राण जाणं, कामावरून मन उडणं आन आपल्यानं काही होत नाही असं वाटणं. झोपेनं फार तर पहिली थोडी कमी होते.

दुसरी चूक, सगळं खापर कामाच्या भारावर फोडणं. मास्लाक नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईनं सहा कारणं सांगितलीत, भार हे त्यातलं एकच, बाकी म्हणजे आपल्या हातात काही नसणं, कौतुक नसणं, सोबतची माणसं, अन्याय, मनाला न पटणारं काम. मी पंधरा दिवस वहीत लिहिलं, जीव कधी नकोसा होतो. अकरा नोंदी, त्यातल्या नऊ वेळा हातात मोबाईल! रात्री साडेनऊला शाळेच्या कामाच्या ग्रुपवर 'तात्काळ माहिती द्या', आन मागितलेली माहिती तीच, चौथ्यांदा. शिकवताना एकदाही नाही.

मग पटसंख्येपासून सगळी माहिती एका शीटमध्ये भरून ठेवली, ग्रुप पाहायचे दिवस मी अन सोबतचे सर वाटून घेतले, आन पहिला तास फक्त गोष्टीचा. तरी चार महिने लागले.

खर्रा (तंबाखू-सुपारीचा) अन चहा वाढवून दिवस रेटणं ही तर चूक आहेच, झोप उडते, फायदा काही नाही.

अजून एक, सगळ्यालाच बर्नआऊट म्हणू नका. हिमोग्लोबिन, थायरॉईड, शुगर, बी १२ तपासून घ्या. आन सुट्टीतही, पोळ्यालाही काहीच गोड लागत नसन किंवा मरायचे विचार येत असन तर प्रकरण वेगळं आहे, १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर लावा, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येते. आमच्याकडं रेंज पाण्याच्या टाकीजवळच येते, तिथं जाऊन लावा पण लावा.