फायरवॉल सुरूच होत नाही? आधी ती खरंच बंद आहे का ते बघा

मामांच्या आठ वर्षं जुन्या लॅपटॉपवर दिवाळीत लिनक्स मिंट टाकून दिलं आणि पंधरा दिवसांत फोन आला. "अरे, ती फायरवॉल काही सुरू होत नाही. तीनदा सुरू केली." स्क्रीनवर काय दिसतंय असं विचारलं तर म्हणाले, "हिरव्या अक्षरांत अ‍ॅक्टिव्ह लिहिलंय, पुढे कंसात एक्झिटेड. आणि दुसरी कमांड दिली की इनॅक्टिव्ह म्हणतंय. आता कुणाचं खरं धरायचं?"

प्रश्न रास्त होता. आणि असे जेवढे फोन मला येतात, त्यांतल्या बहुतेकांत फायरवॉल बिघडलेली नसतेच. तिला 'चालू हो' असं कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून काढून टाकणं, परत टाकणं, नवी सिस्टीम टाकणं हे सगळं नंतर. आधी नीट विचारपूस.

मामांना फोनवर सांगितलं तसंच इथे लिहितोय, म्हणून कमांड कानाला ऐकू येतात तशा दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत करायच्या. 'सुडो' म्हणजे एस-यू-डी-ओ. 'यूएफडब्ल्यू' ही तीन सुटी अक्षरं, एकत्र लिहायची. 'सिस्टमसीटीएल' म्हणजे सिस्टम या शब्दाला चिकटून सी-टी-एल. टर्मिनल उघडायला बहुतेक ठिकाणी कंट्रोल-ऑल्ट-टी.

पायरी १ : तुमच्याकडे कोणती फायरवॉल आहे?

पाकिटं (नेटवर्कवरून येणारे-जाणारे माहितीचे तुकडे) अडवायचं खरं काम लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, करतो. त्यातल्या त्या यंत्रणेचं नाव नेटफिल्टर. आपण ज्याला फायरवॉल म्हणतो तो प्रोग्रॅम फक्त कर्नलला नियम लिहून देतो. उबंटू आणि मिंटमध्ये हा प्रोग्रॅम यूएफडब्ल्यू असतो. उबंटूत तो २००८ च्या ८.०४ आवृत्तीपासून सोबत येतो, पण बंद अवस्थेत. फेडोरा, रेड हॅट आणि त्यांच्या गोतावळ्यातल्या रॉकी, अल्मा वगैरेंमध्ये फायरवॉलडी असते, आणि ती सहसा आधीपासून चालू असते. डेबियन नुसतं टाकलं तर यांपैकी काहीच आपोआप येत नाही. 'सुडो एपीटी इन्स्टॉल यूएफडब्ल्यू' करून घ्यावं लागतं.

जुन्या लेखांत फायरस्टार्टर नावाचा प्रोग्रॅम टाका असा सल्ला अजून सापडतो. त्याचं काम कधीच थांबलंय. त्याच्या मागे लागू नका.

पायरी २ : परवानगी आणि पासवर्ड

फायरवॉलच्या जवळजवळ प्रत्येक कमांडआधी 'सुडो' लागतं. ते विसरलात तर यूएफडब्ल्यू म्हणते, 'यू नीड टू बी रूट' (रूट म्हणजे सिस्टीमचे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता). ही बिघाडाची खूण नाही, सुडो लावून परत द्या. पासवर्ड विचारल्यावर तुम्ही टाइप करता आणि पडद्यावर काहीच उमटत नाही, हेही ठरवूनच ठेवलेलं आहे. (मिंटमध्ये फुल्या दिसतात, म्हणून मामा यातून वाचले.) न घाबरता टाइप करा आणि एंटर दाबा.

डेबियनवर 'कमांड नॉट फाउंड' आलं तर दोन शक्यता. एक, यूएफडब्ल्यू टाकलेलीच नाही. दोन, टाकली आहे, पण ती 'एसबिन' नावाच्या फोल्डरात असते आणि साध्या वापरकर्त्यासाठी सिस्टीम तिथे शोधतच नाही. सुडो लावलं की ती सापडते. 'एसयू' वापरून रूट होत असाल तर 'एसयू', मग एक जागा सोडून डॅश, असं लिहा. त्या एका डॅशने रूटचे स्वतःचे रस्ते मिळतात.

पायरी ३ : खरी स्थिती विचारा

यूएफडब्ल्यू असेल तर ही कमांड :

सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस व्हर्बोज

फायरवॉलडी असेल तर :

सुडो फायरवॉल-सीएमडी --स्टेट

दुसऱ्या कमांडमध्ये स्टेटच्या आधी दोन डॅश आहेत, मध्ये जागा न सोडता.

आता मामांचा घोळ. त्यांनी कुठेतरी वाचून 'सुडो सिस्टमसीटीएल स्टार्ट यूएफडब्ल्यू' दिली होती. ही कमांड सर्व्हिस चालवते. सर्व्हिस चालली, तिने आपली फाइल उघडली, तिथे 'एनेबल्ड' समोर 'नो' लिहिलेलं दिसलं, आणि काही न करता ती मुकाट्याने परत गेली. सिस्टमसीटीएलच्या दृष्टीने काम व्यवस्थित पार पडलं, म्हणून हिरव्या अक्षरांत अ‍ॅक्टिव्ह. यूएफडब्ल्यूच्या दृष्टीने एकही नियम लागू नाही, म्हणून इनॅक्टिव्ह. दोघंही खरंच बोलत होते.

कंसातल्या 'एक्झिटेड'ने मात्र दचकू नका. यूएफडब्ल्यू म्हणजे सोसायटीच्या फाटकावर पाटी रंगवून निघून जाणारा पेंटर. पाटी रंगवून झाली की त्याचं तिथे काय काम? फाटक सांभाळायला कर्नल आहेच. तेव्हा फायरवॉल उत्तम चालू असतानाही सिस्टमसीटीएल 'एक्झिटेड'च दाखवणार. फायरवॉलडीचं उलट आहे. ती सोसायटीच्या ऑफिसात दिवसभर बसून असलेल्या सेक्रेटरीसारखी, नियम बदलायचे तर तिलाच सांगायचं. तिच्यापुढे 'रनिंग' दिसलंच पाहिजे. तिथे 'एक्झिटेड', 'डेड' किंवा 'फेल्ड' असेल तर मात्र काहीतरी झालंय.

सिस्टमसीटीएलने स्टेटस बघताना टर्मिनल अडकल्यासारखं झालं, खाली 'एंड' दिसतंय आणि काही टाइप होत नाही, तर नुसतं क्यू दाबा.

पायरी ४ : चालू करा

सुडो यूएफडब्ल्यू एनेबल

बस. आत्ता सुरू होते आणि पुढच्या प्रत्येक वेळी मशीन सुरू झाल्यावर आपोआपही. न सांगता तिचा नियम असा : बाहेरून आत येणारं सगळं बंद, आतून बाहेर जाणारं चालू. घरच्या लॅपटॉपला एवढं पुरतं.

पण मशीन समोर नसेल, दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने (दूरच्या मशीनचं टर्मिनल वापरायची सोय) शिरला असाल, तर थांबा. आधी 'सुडो यूएफडब्ल्यू अलाउ एसएसएच' द्या, मगच एनेबल. एसएसएचचा पोर्ट (मशीनमध्ये शिरायच्या दाराचा आकडा) २२ वरून बदलला असेल तर त्या बदललेल्या पोर्टचा आकडा द्या. यूएफडब्ल्यू स्वतःही विचारते की चालू जोडण्या तुटू शकतात, पुढे जाऊ का? घाईत लोक वाय दाबतात आणि स्वतःलाच घराबाहेर कोंडून घेतात. मी एकदा रात्री साडेअकराला हे केलंय. होस्टिंगच्या वेबसाइटवरच्या कन्सोलमधून आत शिरून निस्तरलं, पण तो कन्सोल आहे हे तेव्हा आठवलं नसतं तर सकाळ झाली असती.

पायरी ५ : एवढं करूनही एरर आली तर

आता खरा बिघाड. एररची ओळ पूर्ण वाचा, फोटो काढून ठेवा. 'काहीतरी एरर आली' एवढ्यावर कुणीच मदत करू शकत नाही. सर्व्हिसने मागे काय लिहून ठेवलंय ते असं बघा (हा 'जर्नल'ला चिकटून सी-टी-एल) :

सुडो जर्नलसीटीएल -बी -यू यूएफडब्ल्यू

फायरवॉलडीसाठी शेवटी तिचं नाव. '-बी'मुळे मशीन शेवटचं सुरू झाल्यापासूनच्या नोंदीच दिसतात, नाहीतर जुन्या पुराणात हरवाल.

यूएफडब्ल्यूची नेहमीची तक्रार म्हणजे 'प्रॉब्लेम रनिंग यूएफडब्ल्यू-इनिट'. हे वाक्य फार काही सांगत नाही. त्याच्या आसपासच्या ओळी सांगतात.

'टेबल डज नॉट एक्झिस्ट' किंवा मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा सुटा भाग) सापडत नाही असं काही असेल, तर आधी आठवा : आज अपडेट केलं का? कर्नल अपडेट झाला आणि मशीन रीस्टार्ट केलं नाही, तर चालू असतो जुना कर्नल आणि त्याची मॉड्यूलं काही सिस्टीमवर डिस्कवरून गेलेली असतात. आर्च लिनक्सवाल्यांना हे वरचेवर भोगावं लागतं. 'यूनेम -आर'ने चालू कर्नलचा आकडा कळतो, 'लिब' फोल्डरातल्या 'मॉड्यूल्स'मध्ये त्याच आकड्याचं फोल्डर आहे का बघा. नसेल तर रीस्टार्ट, दुसरं काही नाही. स्वस्तातला भाड्याचा सर्व्हर कंटेनरवर चालत असेल तर कर्नल तुमचा नसतोच, मालकाचा असतो. तिथे मॉड्यूल तुम्ही कितीही डोकं आपटलं तरी चढणार नाही, त्यांनाच सांगावं लागतं.

एररमध्ये 'लाइन' आणि पुढे आकडा, मग 'फेल्ड' असं असेल, तर नियमांच्या फाइलमध्ये चूक आहे. बहुतेकदा ती 'ईटीसी'तल्या 'यूएफडब्ल्यू' फोल्डरातल्या 'बिफोर डॉट रूल्स' या फाइलमध्ये असते, कारण हाताने फेरफार करायला सगळे तिथेच जातात. मीही गेलो होतो. एक नियम कुठूनतरी उचलला आणि फाइलच्या अगदी तळाशी चिकटवला. त्या फाइलच्या शेवटी एक ओळ असते, फक्त 'कमिट', मोठ्या अक्षरांत. नियम तिच्या वर असायला हवेत. माझा तिच्या खाली गेला होता. नियम बरोबर, जागा चूक. ओळ दोन बोटं वर सरकवली आणि सगळं सुरळीत.

आपण काय बदललं तेच आठवत नसेल तर 'सुडो यूएफडब्ल्यू रीसेट' द्या. मूळ फाइली परत येतात. जुन्या फाइली ती पुसत नाही, नावापुढे तारीख-वेळ लावून त्याच फोल्डरात ठेवते, त्यामुळे हळहळायला नको. रीसेटनंतर फायरवॉल बंद असते, पायरी ४ परत करायची, एसएसएचच्या सूचनेसकट.

फायरवॉलडीचे हट्ट वेगळे. 'युनिट इज मास्क्ड' म्हणाली तर कुणीतरी तिला मुद्दाम कुलूप लावलंय. 'सुडो सिस्टमसीटीएल अनमास्क फायरवॉलडी', मग 'सुडो सिस्टमसीटीएल एनेबल --नाउ फायरवॉलडी'. नियमांच्या फाइलींवर संशय असेल तर 'सुडो फायरवॉल-सीएमडी --चेक-कॉन्फिग' चूक कुठे आहे ते सांगते.

आणि पायथॉन. फायरवॉलडी पायथॉनमध्ये लिहिलेली आहे, यूएफडब्ल्यूही. शिकणाऱ्या मुलांना नवं पायथॉन हवं असतं. ती ते टाकतात आणि सिस्टीमचं 'पायथॉन३' हे नाव त्या नव्याकडे वळवतात. त्या दिवशी काही होत नाही. पुढच्या रीस्टार्टला फायरवॉलडी उठत नाही आणि जर्नलमध्ये लांबलचक ट्रेसबॅक (पायथॉनची एररची यादी), तळाशी पायथॉनचं मॉड्यूल सापडत नसल्याची ओळ. पायथॉनचा आणि फायरवॉलचा संबंध कुणाच्या डोक्यात येणार? सिस्टीमचं पायथॉन होतं तिथे परत न्या, नवं पायथॉन व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे सिस्टीमपासून सुट्या जागेत, वापरा.

एक शेवटची शंका तपासून घ्या : दोन्ही फायरवॉल एकाच मशीनवर टाकल्यात का? एक चालली नाही म्हणून दुसरी टाकली, असं फार होतं. दोन पेंटर एकाच पाटीवर. एक ठेवा, दुसरी 'डिसेबल' करा. खिडकीवाला प्रोग्रॅम, म्हणजे जीयूएफडब्ल्यू, उघडत नसेल तर तो वेगळा मामला आहे. खिडकी उघडली नाही म्हणून फायरवॉल बंद असते असं नाही. टर्मिनलला विचारा.

पायरी ६ : खात्री

मशीन रीस्टार्ट करा आणि पायरी ३ परत. त्याने समाधान होत नसेल (मामांचं झालं नाही) तर हा प्रयोग. एक रिकामं फोल्डर बनवा, त्यात टर्मिनल उघडा, आणि 'पायथॉन३ -एम एचटीटीपी.सर्व्हर ८०००' द्या. रिकामंच फोल्डर हवं, कारण त्यातलं सगळं घरच्या वायफायवर दिसायला लागतं. दुसऱ्या टर्मिनलमध्ये 'होस्टनेम -आय' द्या, यातला आय मात्र मोठा. लॅपटॉपचा आयपी पत्ता मिळेल. आता 'सुडो यूएफडब्ल्यू डिसेबल' करून त्याच वायफायवरच्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता, पुढे कोलन (:) आणि ८००० टाका. रिकामी यादी दिसेल. मग फायरवॉल परत एनेबल करा आणि मोबाइलवर पान रीलोड करा.

"पान काही येत नाही रे," मामा म्हणाले. "नुसतं गोल फिरतंय."

"फिरू दे. आता पहिल्या टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी दाबा आणि जेवायला जा."