घसाऱ्याची सवय आणि गुलमर्गचा बर्फ

वीस वर्षं सह्याद्रीत भटकले, आणि चाळिशीत गुलमर्गला स्कीइंग शिकायला गेले तेव्हा नेमकी तीच भटकंती आडवी आली. तोरण्याच्या बुधला माचीवरून राजगडाकडे घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या मातीच्या घसरड्या उतारावरून, उतरताना आपण काय करतो? गुडघे वाकवून मागे रेलतो, आणि अगदीच वेळ आली तर सरळ बूड टेकवतो. पायाला ही सवय इतकी मुरलेली असते की बर्फाचा उतार दिसला रे दिसला, अंग आपोआप मागे जातं. स्कीवर मात्र मागे गेलात की संपलं. स्कीचं वळणं आणि थांबणं बरंचसं पुढच्या भागावरच्या दाबावर चालतं. तो दाब गेला की पायातल्या स्की मोकाट सुटतात. तिसऱ्या दिवशी मी अशीच सुटले आणि एका स्लेजवाल्याच्या दोरीत जाऊन अडकले. तो बिचारा मलाच विचारत होता, लागलं का म्हणून.

आमचे उस्ताद दिवसभर एकच वाक्य म्हणायचे, "मॅडम, घुटने आगे." ते बरोबर जमलंय का, हे ओळखायची खूण नडगीत आहे. नडगी बुटाच्या जिभेवर सतत दाबलेली जाणवली पाहिजे. पोटरी मागे टेकली की समजा, तुम्ही पुन्हा घसाऱ्यावरच्या सवयीने मागे रेललात. हात सत्यनारायणाच्या प्रसादाचं ताट धरल्यासारखे समोर ठेवा, म्हणजे धडही पुढे राहतं. आणि पायांकडे बघू नका. ते तिथेच असतात.

बुटांबद्दल थोडं, कारण माझे पहिले दोन दिवस त्यातच गेले. भाड्याचे बूट घेताना मी थंडीच्या भीतीने दोन जोड मोजे चढवले. पाय सुजले, फोड आले, आणि थंडी वाजायची ती वाजलीच. लोकरीचा एकच पातळ, लांब मोजा घाला. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की सुटावीत. बूट घट्ट वाटला तर तो बहुधा बरोबर आहे.

आता थांबणं. दोन्ही स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, म्हणजे पिझ्झाच्या तुकड्यासारखा आकार. टोकांमध्ये मूठभर अंतर ठेवा, नाहीतर एकावर एक चढतात. टाचा बाहेर ढकलल्या की आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग मरतो. याच तुकड्यातून वळण निघतं. उजवीकडे जायचं तर भार डाव्या पायावर, डावीकडे जायचं तर उजव्यावर. डोक्याला हे उलटं वाटतं आणि दोन दिवस वाटत राहतं. वळण पुरं होईपर्यंत भार सोडू नका. मध्येच घाबरून दोन्ही पायांवर उभं राहिलात की स्की सरळ खाली धावते.

मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो दोन सरावांचा. उतारावर पाणी ओतलं तर ते जिकडे वाहील, त्या रेषेला दोन्ही स्की आडव्या करून उभं राहायचं. गुडघे किंचित दरीकडे कलवले की कडा सुटतात आणि तुम्ही आडवेच खाली सरकता. डोंगराकडे कलवले की थांबता. हे जमलं की एखादा उतार झेपला नाही तरी त्यावरून असं सरकत खाली येता येतं. दुसरा सराव: उतारावर आडवं जाताना डोंगराकडची स्की दोन बोटं वर उचलून धरायची. तोल राहिला तर भार खालच्या पायावर आहे, म्हणजे जिथे हवा तिथे.

पडणार आहातच. डोंगराच्या बाजूला, कुशीवर पडा आणि हातातली काठी सोडून द्या. काठी मुठीत राहिली की अंगठा मुरगळतो. उठताना आधी स्की दरीच्या बाजूला आणि उताराला आडव्या आणा. हे न करता उठायला गेलात तर पुन्हा घसराल.

जागेबद्दल एवढंच सांगते. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे. पहिले चार-पाच दिवस तिथल्या वाडग्यासारख्या खोलगट मैदानातले बारके उतार पुरतात. गोंडोला, म्हणजे तारेवरून चालणारा पाळणा, दोन टप्प्यांत वर जातो. पहिला टप्पा कोंगडोरी, दुसरा अफरवाट, तिथलं स्टेशन ३,९०० मीटरच्याही वर. तिथे दाबून सपाट केलेली वाट नसते, हिमस्खलनाचा धोका असतो. सोबतचे लोक कितीही म्हणोत, दुसऱ्या टप्प्याला स्की घेऊन नवख्याने जाऊ नये. नुसतं बघायला जा.

दुपारनंतर ऊन लागून बर्फ जड होतो आणि मांड्याही थकलेल्या असतात. "आता शेवटची एक" म्हणून निघालेली फेरी मी दोनदा केली आणि दोन्ही वेळा पडले. तिसऱ्यांदा मनात आलं तेव्हा बूट काढले आणि कहवा प्यायला गेले.